वायसर

शियाच्या झाडाला ट्रकच्या चाकाची रिम टांगलीय,
तीच आमची घंटा.
रविवारी लोखंडी दांड्यानं मी ती बडवतो
आणि युगांडाच्या या लाल मातीत
अनवाणी उभा राहून छावणीला सांगतो
की आपण कोण आहोत.

कोण आहोत, हे सरहद्दीवर नोंदणीच्या टेबलाशीही विचारलं होतं.
नाव. जमात. माणसं किती निघाली. किती पोचली.
धर्माच्या रकान्यात कारकून पोरानं
माझ्या गळ्यातला क्रूस बघून स्वतःच खूण केली,
मागे रांग मोठी होती.
त्या एका खुणेवर
मी दर आठवड्याला पाऊण तास बोलत आलोय.

त्या रविवारी किडेन आली नाही.
किडेन म्हणजे आमची पंपवाली,
सहा ते अकरा, सगळे हातपंप तिच्या पान्यावर चालतात.
मातीच्या बाकावर तिची जागा मोकळी,
मी मनातल्या वहीत तिची गैरहजेरी मांडली.
असल्या हिशोबात मी देवापेक्षा चोख.

उपासना आटोपून निघालो तिला बोल लावायला.
पोरं म्हणाली, अकराकडे गेली.

अकरा नंबरात ती माणसं राहतात
ज्यांच्या भाषेत,
आमचं गाव जळत होतं तेव्हा,
कुणीतरी हसलं होतं.
चेहरे दिसले नाहीत. गवतात पालथे पडून
भाषा तेवढी कळली.
त्या गवतात किडेनच्या कुशीत लेकरू होतं.
रडू नये म्हणून तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला.
पुढचं तिनं मला एकदाच सांगितलं,
मी कुणाला सांगत नाही.

ती पंपापाशी गुडघ्यांवर होती.
साखळी सुटी, दांडे गवतावर ओळीनं मांडलेले,
भोवती शंभरेक पिवळे कॅन, आ वासून,
आणि कुणीही तिच्याशी बोलत नव्हतं.
एक म्हातारी तेवढी अंगावरच्या कापडाचं टोक
तिच्या मानेवर उन्हाआड धरून उभी,
हात थरथरत होता तरी.

मी दांडा धरायला वाकलो.
पाय पूस आधी, किडेन म्हणाली, घाण आत जाईल.
पाय धुण्यावर माझी तीन प्रवचनं झालीत.
पाय पुसायला मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
पुसले.

जुना वायसर निघाला, चघळलेल्या चामड्यासारखा.
खिशातून तिनं नवा काढला.
तो आमच्या सहा नंबरसाठी जपलेला,
आणि तो एकच होता, हे मला ठाऊक होतं.
चरबी चोळली, बसवला,
हँडल म्हातारीच्या हाती दिलं.
पंप कोरडा खोकला, खोकत राहिला,
मग गंज आला, मग गढूळ, मग पाणी.

कुणी आभार मानले नाहीत.
रेटारेटीत एका बाईनं तिलाच कोपरानं बाजूला सारलं.

परतताना मी तो प्रश्न विचारलाच
जो विचारायला मला नेमलंय:
माफ केलंस त्यांना?
ती चालत राहिली. पान्याचं ग्रीस गवताला पुसलं.
म्हणाली, वायसर बदलला.

घराशी पोचल्यावर ताडपत्रीमागे जाऊन ती ओकली.
मला ऐकू आलं.
पाणी नेलं, ते तिनं घेतलं.

बुधवारी आमच्या सहाचा पंप बसला.
तीन आठवडे आम्ही अकराकडे चालत गेलो,
पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला शेवटी उभं केलं.
दुसऱ्याही दिवशी.
आमची माणसं किडेनला काय काय बोलली,
ते प्रार्थनेच्या तोंडांनीच बोलली.
मी गप्प होतो. माझाही कॅन रिकामा होता.

चौथ्या रविवारी रिम बडवली.
समोर किडेन, नखांत काळं ग्रीस.
आपण कोण आहोत, मी सुरुवात केली,
आणि पुढचं सुचेना.
रिम अजून हलत होती, बारीक आवाज येत होता.

मग भाकर मोडली.
तिच्या तळव्यावर तुकडा ठेवताना
ते काळं माझ्या बोटांना लागलं.
तशाच बोटांनी पुढच्याचा तुकडा मोडला.